सुखतळे

आमच्या धंद्यात त्याला सुखतळा म्हणतात.
नाव ठेवणारा फारसा चाललेला नसावा.

इब्रीच्या जुन्या सूकमागे, टायरवाल्याच्या भिंतीला टेकून
माझं दुकान: सहा फूट बाय चार,
एक ऐरण, दोन रापी, कागलहून आणलेली आरी
आणि वाऱ्यापेक्षा आवाज जास्त देणारा पंखा.
ईदआधी चार दिवस जेवायला सवड नसते,
मग महिनाभर सँडलचे पट्टे, बॅगांच्या चेन.

ते आले असरच्या बांगेनंतर,
बूट हातात, पायांना प्लास्टिकच्या पिशव्या.
मी पुटपुटलेली शिवी ऐकून म्हणाले,
"कुठचा रे तू?"

निजाम परकार. दाभोळच्या पलीकडचे.
सोहार बंदरात सव्वीस वर्षं क्रेनवर,
जमिनीपासून तीस मीटर वर बसून.
करार संपला, कंपनीने परतीचं तिकीट हातात दिलं,
ते खिशात ठेवून हे निघाले मक्केला.
"म्हटलं, आता खालून जाऊन बघू."
बस जाते की, चाचा.
"जाते. दोनदा गेलो. दोन्ही वेळा झोप लागली."

बुटात हात घातला. सुखतळा सुटेना.
चिमट्याने ओढला तसा थराथराने आला:
वर मोज्याचा तुकडा,
खाली खजुराच्या खोक्याचा पुठ्ठा, झाड अर्धं पुसलेलं,
त्याखाली क्रेनवरचा हातमोजा, उभा कापून,
आणि तळाला मूळचा फोम,
पापडाएवढा.
बारा दिवस.
डावी टाच बाहेरून खाल्लेली.
डावा गुडघा दुखतो ना?
"तुला कोणी सांगितलं?"

पुठ्ठ्यावर पाय ठेवा म्हटलं, तर मागे घेतला.
"तुझ्या तोंडासमोर पाय कसा..."
चाचा, आज्यापासून आम्ही पायच बघत आलोय,
तोंडं मागाहून ओळखीची होतात.
पेन्सिल करंगळीशी आली आणि बोटं आकसली.
एकसष्ट वर्षांचा माणूस गुदगुल्यांनी असा हसला
की टायरवाला शब्बीर हातातला पाना घेऊन बघायला आला.

वर शेळीचं मऊ कातडं.
खाली नमदा, शर्यतीच्या उंटाच्या खोगिरातून उरलेला.
डाव्या टाचेला बुचाचा चढ, रुपयाच्या जाडीचा.
शिवण नाही. शिवण शंभराव्या कोसाला बोलते.
चिकटवून रात्रभर ऐरणीखाली दाबलं.
तोवर मी भात टाकला,
त्यांच्या पिशवीतून निघाला सुका जवळा,
वर्तमानपत्रात, तिहेरी पुडीत.
वास शब्बीरपर्यंत गेला. तो परत आला.

पहाटे म्हणाले, किती?
पैसे घ्यायचे नाहीत, असं मी रात्रीच ठरवलेलं.
"फुकट घेतलं तर चाललो कोण? मी की तू?"
दोन रियाल घेतले.
आणि जुने?
"टाक."
टाकले.

नवे सुखतळे पहिली वीसेक पावलं कुरकुरतात.
ती मी मोजली, पेट्रोलपंपाच्या दिव्यापर्यंत.
मग आवाज थांबला. म्हणजे बसले.
पुढे सरहद्दीपर्यंत रस्ता, आणि सरहद्दीपुढे
नुसती वाळू, असं ट्रकवाले सांगतात.
मी इथे नऊ वर्षं आहे.
गोलचौकाच्या पलीकडे पायी कधी गेलो नाही.

पुठ्ठा खिळ्याला अडकवून ठेवला होता.
दोन महिन्यांनी एक बलुच ड्रायव्हर आला,
माप काढायला लागलो, तर पाऊल तेच, बोटानबोट.
तोच फरमा लावून कापले.
घालून उभा राहिला, भुवई वर केली:
डावीकडे चढ कशाला?
राहू दे, म्हटलं. राहू दिला त्याने.

परकारचाचा पोचले का, मला माहीत नाही.
नंबर मागायचं सुचलंच नाही.
त्यांचं डावं पाऊल तेवढं सध्या
सूरच्या रस्त्यावर क्लच दाबतंय.